क्षिप्रेनंतरचा अंक

“तुकोजी, पाया नका पडू. हिशेब द्या.”

हे वाक्य संहितेत नव्हतं. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात तालीम चालली होती आणि दिग्दर्शकांनी हात वर करून प्रवेश थांबवला होता. बाक भिंतीला सारलेले, फळ्यावर सातवीचा लसावि तसाच. तुकोजी होळकर करणारा नट चर्चगेटच्या ऑफिसातून थेट आलेला. ऑफिसच्या पँटवर त्याने शेला कसला होता आणि तलवारीच्या जागी घडीची छत्री खोचली होती. अहिल्याबाई समोर आल्या की तो दरवेळी गुडघ्यावर यायचा. मराठी ऐतिहासिक नाटकात इमानी सरदाराचे गुडघे आपोआप वाकतात, ते कुणाला शिकवावं लागत नाही.

“पण सर, मग निष्ठा दिसणार कशी?”

“हिशेबात. अठ्ठावीस वर्षं हा माणूस बाईंना हिशेब देत होता, किंवा द्यायचं टाळत होता. पाया पडायला तो महेश्वरला होता कुठे?”

सर म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक. मंडळातले सगळे, चहा आणणारा मुलगासुद्धा, त्यांना सरच म्हणतात. मी तिथे पोचलो ते या अंकाच्या संपादकांमुळे. यंदाचा विषय ‘धनी आणि चाकर’. “विधवा राणी आणि तिचा विश्वासू सेवक यावर इंग्रजीत सिनेमे आहेत. आपल्याकडचं काही सापडतं का बघा, जमलं तर वसई-विरारकडचं,” एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. वसई म्हटलं की चिमाजी अप्पा, चर्च, सुकेळी आणि विरार लोकलची गर्दी. राणी आणायची कुठून? तेवढ्यात कळलं, की इथल्याच एका हौशी मंडळाने अहिल्याबाई आणि तुकोजी यांच्यावर दोन अंकी नाटक बसवायला घेतलं आहे.

अहिल्याबाईंवर नाटक, यात नवल काही नाही. ३१ मे १७२५ हा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे २०२५ हे त्रिशताब्दीचं वर्ष. जामखेड तालुक्यातल्या चोंडी या त्यांच्या जन्मगावी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक भरली, त्याआधीच अहमदनगरचं अहिल्यानगर झालं होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, एकपात्री प्रयोगांतून, चित्ररथांवरून एकच रूप सगळीकडे दिसतं: पांढरी साडी, डोक्यावरून पदर, तळहातावर शिवलिंग. या रूपातली बाई बोलत नाही, आशीर्वाद देते. सरांना मात्र बोलणारी बाई हवी होती, तीही पैशाबद्दल बोलणारी.

किल्ल्यात मल्हारराव

आणखी एका तालमीआधी सर मला किल्ल्यात घेऊन गेले. स्टेशनवरून रिक्षाने वसईगाव, तिथून पुढे किल्ला. आत शिरलं की रस्त्यालगत चिमाजी अप्पांचं स्मारक आणि त्याच्या मागे झाडीत उभ्या असलेल्या बिनछपराच्या चर्चच्या भिंती. तो रविवार होता. सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं, छायाचित्रकाराचा मदतनीस मुलीच्या घागऱ्याचा घोळ उडवून पळत बाजूला होत होता. हिंदी सिनेमावाल्यांना ही जागा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोल्डप्लेच्या एका गाण्यातही ती झळकून गेली. तटापलीकडे पाचूबंदर आणि किल्लाबंदरच्या कोळीवाड्यांत मासळी वाळत होती, तिचा वास वाऱ्याबरोबर चर्चमध्येही येत होता.

“इथे मल्हारराव होते,” सर म्हणाले.

१७३९च्या वसईच्या वेढ्यात चिमाजी अप्पांना मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले होते. दलदल, खाडी आणि समुद्र यांनी वेढलेल्या या किल्ल्याला जमिनीच्या बाजूने एकच वाट. त्या बाजूच्या बुरुजांखाली सुरुंग पेरायचे, काही उडायचे, काही आपल्याच माणसांवर उलटायचे. मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. त्यांच्या चर्चमधल्या घंटा पुढे महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच. मल्हाररावांच्या घरची सून, अहिल्याबाई, त्या वेळी चौदाव्या वर्षात होती.

होळकरांच्या कहाणीत वसई आणखी दोनदा येते. १७८०च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली. त्याच सुमारास वज्रेश्वरीजवळ दुगाडला झालेल्या लढाईत रामचंद्र गणेश कानडे पडले. पुढच्या उन्हाळ्यात गॉडर्ड बोरघाटातून माघारी निघाला तेव्हा त्याची पाठ धरणाऱ्या मराठी फौजांत हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्याबरोबर तुकोजी होळकर होते. तिसरा प्रसंग १८०२चा. तो पुढे येईल.

सगळ्यांना हवा असलेला प्रसंग

नाटकाचा पहिला अंक लिहायला सरांना फारसा त्रास पडला नाही. घटनाच तशा आहेत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या माऱ्यात ठार झाले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं आणि राज्याच्या कामाला लावलं. हे कामाला लावणं शब्दशः घ्यायचं. त्यांची तिला गेलेली पत्रं आहेत: चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, तोफखाना सांभाळा, दारूगोळ्याची बेगमी करा. सासऱ्याने सुनेला लिहिलेल्या पत्रांत ख्यालीखुशालीपेक्षा तोफाच जास्त. १७६६च्या मे महिन्यात आलमपूरला मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षाच्या आत तोही गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही.

इथे गंगाधर यशवंत चंद्रचूड येतो, होळकरांचा जुना कारभारी, लोकांच्या तोंडी गंगोबा तात्या. त्याचा सल्ला असा की बाईंनी एखादं मूल दत्तक घ्यावं, स्वतः देवधर्म करावा, कारभार कारभाऱ्यांनी पाहावा. बाईंनी नकार दिल्यावर त्याने पेशव्यांचे काका राघोबादादा यांना बोलावलं. दादा फौज घेऊन निघाले. मग परंपरेने जपलेला तो प्रसंग: अहिल्याबाईंनी बायकांची पलटण उभी केली आणि दादांना निरोप पाठवला, की मी हरले तर मला कुणी हसणार नाही, तुम्ही हरलात तर तोंड कुठे लपवाल? क्षिप्रेच्या काठी तुकोजी फौज घेऊन उभे राहिले; नदी ओलांडाल तर लढाई होईल, असं त्यांनी कळवलं. दादांनी सूर बदलला, आपण तर दुखवट्याला आलो आहोत. तसं असेल तर फौज कशाला, पालखीतून या, असं बाईंचं उत्तर. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही बाईंचीच बाजू घेतली.

या प्रवेशाला टाळ्या हमखास. तालमीतसुद्धा पलटणीतल्या मुली हा प्रवेश आला की खुर्च्यांवरून उठून उभ्या राहतात. अहिल्याबाईंवर जे जे काही सादर होतं त्यातलं बरंचसं इथे कळसाला पोचतं आणि मग घाट, देवळं, धर्मशाळा यांची यादी निवेदकाच्या तोंडी घालून पडदा पडतो. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर, एका दमात. सरांचं भांडण याच्याशीच आहे. क्षिप्रेकाठी तुकोजी उभे राहिले तो एक दिवस. त्यानंतर १७९५पर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली. सेवकाची परीक्षा पहिल्या दिवशी झाली, की त्या वर्षांत?

मला त्यांचं म्हणणं पटलं. खिंडीत उभं राहण्याच्या गोष्टी आपल्याकडे उदंड आहेत. दर महिन्याला पत्र लिहून पैसे मागणाऱ्या आणि तरीही फितूर न होणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सांगत नाही.

एकाकडे घोडा, एकीकडे थैली

व्यवस्था अशी ठरली: तुकोजींनी सुभेदार म्हणून फौज चालवायची, पेशव्यांच्या चाकरीत मोहिमांवर जायचं. अहिल्याबाईंनी महेश्वरला बसून मुलूख आणि खजिना सांभाळायचा. तुकोजी आडनावाने होळकर, पण मल्हाररावांच्या सख्ख्या नात्यातले नव्हेत. मल्हाररावांच्या हाताखाली वाढलेला, भरवशाचा शिपाईगडी. वयाने ते बाईंपेक्षा मोठे आणि तरी त्यांना ‘मातोश्री’ म्हणत. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात याबद्दल एक नोंद केली आहे. वयाने लहान बाईला आई म्हणणं तोंडी ठीक, शिक्क्यावर कसं कोरायचं? तेव्हा बाईंच्या आज्ञेने तुकोजींच्या शिक्क्यात ते मल्हाररावांचे पुत्र म्हणून कोरले गेले. अशा रीतीने एका चाकराला घराण्यात जागा मिळाली आणि बाईंचा अधिकारही सासऱ्याच्या नावाखाली शाबूत राहिला. कारभार म्हणतात तो हा. मला क्षिप्रेपेक्षा हा शिक्का जास्त नाट्यमय वाटतो. सरांनी त्यावर एक छोटा प्रवेश लिहिला आहे. त्यात संवाद जेमतेम, शिक्का कोरणाऱ्या सोनाराची हातोडीच वाजत राहते.

पुढचं समजायला मराठी सरदाराची फौज पोसली कशी जायची ते थोडं पाहायला हवं. फौजेत दोन तऱ्हेचे स्वार. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. रोजमुरा ठरलेला असे पण हातात वेळेवर पडत नसे. चार-सहा महिन्यांची बाकी चढली की लोक सरदाराच्या डेऱ्यासमोर धरणं धरत, त्याचं खाणंपिणं अडवत. सरदार मग छावणीबरोबर फिरणाऱ्या सावकाराकडे वळे. सावकार पुण्यावर किंवा उज्जैन-इंदूरच्या पेढीवर हुंडी मागे. ती हुंडी शेवटी वटवायची कुणी? खजिना ज्याच्या ताब्यात त्याने. म्हणजे महेश्वरच्या बाईंनी.

तुकोजी सतत घोड्यावर. पानिपतानंतर उत्तरेत पुन्हा जम बसवायला गेलेली मोहीम, वडगावला इंग्रजांना शरण आणणं, बोरघाट, मग टिपूवरची कर्नाटकातली स्वारी, मग पुन्हा उत्तरेत महादजी शिंद्यांकडे. जिथे जातील तिथून महेश्वरला पत्र, मजकुराचा गाभा एकच: खर्चाची ओढ आहे. बाईंचं उलट म्हणणं, की तुमच्या वाटेवरच्या महालांतून, राजपुतान्यातल्या खंडणीतून जो पैसा वसूल झाला तो कुठे गेला? त्याचा ताळेबंद आधी पाठवा. होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन हिशेब निराळे. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे करून दिली होती, सासूनंतर ती सुनेकडे आली. बाईंचे घाट, देवळं, अन्नछत्रं चालली ती खासगीतून. राज्याच्या तिजोरीतला पैसा देवाला नाही आणि खासगीतला लष्कराला नाही, अशी सक्त वाटणी. उपाशी घोडी घेऊन राजपुतान्यात अडकलेल्या सुभेदाराला काशीच्या घाटाची बातमी ऐकून काय वाटत असेल, हे कल्पनेने समजायला हरकत नाही.

ही धुसफूस खासगी राहिली नाही. महेश्वरला पुणे दरबाराचे बातमीदार बसलेले होते. बाई काय बोलल्या, कोण आलं, कोण रुसलं, हे सगळं पुण्याचे कारभारी नाना फडणीस यांच्याकडे लिहून जाई. इतिहाससंशोधक पारसनिसांनी ती बातमीपत्रं पुढे छापून काढली आणि आज ती वाचताना बाई उत्सवमूर्ती राहत नाहीत. त्या चिडतात, टोचून बोलतात, नानांकडे गाऱ्हाणं करतात, कधी देणं लांबवतात. पुणे दरबाराला आणि महादजींनाही अधूनमधून या दोघांच्या मध्ये पडावं लागे.

चूक कुणाची? माझ्या मते दोघंही बरोबर होते, आणि व्यवस्थाच अशी होती की दोघांनी भांडत राहावं. एका हातात घोड्याचा लगाम, दुसऱ्या हातात थैलीची दोरी. दोन्ही हात एका माणसाचे नाहीत. पण बाईंना न विचारता गादीवर हक्क सांगण्याइतकं लष्कर तुकोजींकडे होतं. त्यांनी तसं केलं नाही. आणि सुभेदारी काढून दुसऱ्या कुणाला देण्याची खटपट करण्याइतकं वजन बाईंचं पुण्यात होतं. तिथवर त्यांनीही शेवटपर्यंत ताणलं नाही. याच काळात पुण्यात काय चाललं होतं तेही लक्षात असू द्यावं. १७७३च्या ऑगस्टअखेर नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात त्यांच्याच पगारी गारद्यांनी कापून काढलं, आणि त्या कटाशी नाव जोडलं गेलं ते क्षिप्रेवरून परत फिरलेल्या राघोबादादांचं. धनी आणि चाकर यांच्यातलं नातं बिघडलं की काय होतं, याचा हा नमुना. त्याच्या शेजारी महेश्वरची चिडचिडी पत्रं ठेवली तर ती फार सोज्वळ वाटू लागतात.

तिकडे व्हिक्टोरिया

संपादकांच्या मनात जे सिनेमे होते ते ‘मिसेस ब्राऊन’ (१९९७) आणि ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ (२०१७). वीस वर्षांच्या अंतराने दोन्हींत व्हिक्टोरिया राणी एकाच नटीने केली, ज्युडी डेंचने. १८६१ साली नवरा, प्रिन्स अल्बर्ट, गेल्यावर राणीने स्वतःला कोंडून घेतलं. तिला घोड्यावर बसवून मोकळ्या हवेत आणणारा स्कॉटिश नोकर जॉन ब्राऊन. तो १८८३मध्ये वारला. चार वर्षांनी, कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाला, आग्र्याहून अब्दुल करीम टेबलावर वाढायला म्हणून गेला आणि तिचा मुन्शी झाला. उतारवयात ती त्याच्याकडून हिंदुस्थानी लिहायला शिकली.

तो १८८७चा महोत्सव आपल्या किनाऱ्यावरही एक खूण ठेवून गेला. मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यायचं ठरवलं आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झालं ते त्याच वर्षी मे महिन्यात. कंपनीच्या नावावरून घेतलेलं नाव, राणीच्या मुहूर्तावर. आमचे तुकोजी वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरातले. त्यांना हे सांगितल्यावर ते हसून म्हणाले, “आम्ही घरी कुपारीच. राणीचं आमंत्रण आमच्या आळीत पोचलं नसेल.”

या सिनेमांतली निष्ठा जवळिकीची आहे. सेवक हाताच्या अंतरावर असतो. लगाम धरतो, पेला भरतो, कित्ता गिरवून घेतो. दरबारी मंडळींना खुपतं तेही हेच जवळ असणं. १९०१मध्ये राणी गेल्यावर सातव्या एडवर्डच्या हुकमाने करीमच्या घरातली तिची पत्रं जाळली गेली. त्याला आग्र्याला परत पाठवलं, तिथे तो १९०९ साली वारला. पत्रं जळल्यामुळे जे उरलं त्यात पोकळी आहे आणि सिनेमाला पोकळी मानवते. तिथे हवं ते भरता येतं.

महेश्वरचं प्रकरण उलटं. तुकोजी बाईंपासून शेकडो कोस लांब आणि पत्रं मात्र शिल्लक. कल्पनेला वाव कमी, कागद मात्र पुष्कळ. नाटककाराला ही अडचण आहे. प्रेक्षकाला दोघं समोरासमोर हवी असतात, कागद सांगतो की दोघं बहुतेक काळ एका गावातसुद्धा नव्हती.

वॉशरची थैली

सरांनी शोधलेला तोडगा साधा आहे. रंगमंचावर दोन पातळ्या. डावीकडे महेश्वरचा वाडा, एक बैठक, एक समई. उजवीकडे छावणी, एक डेरा, एक रिकामं खोगीर. मध्ये जासूद. दुसऱ्या अंकात तो सारखा पत्रं घेऊन पळतो आणि बाई व सुभेदार एकमेकांकडे न बघता, प्रेक्षकांकडे तोंड करून आपापलं पत्र बोलतात. जासुदाच्या खांद्यावर थैली. ती प्रत्येक फेरीत हलकी होत जाते.

थैलीचा आवाज हवा तसा येईना. प्लॅस्टिकची नाणी खुळखुळत नाहीत, खरी चिल्लर महाग पडते आणि तालमीत गळते. शेवटी जासूद करणाऱ्या मुलाने, जो वालीवच्या एका गाळ्यात लेथवर काम करतो, भंगारातले लोखंडी वॉशर आणले. वेगवेगळ्या मापांचे, तेलकट. त्याने ते रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात पुसले आणि खादीच्या पिशवीत भरून बाईंच्या बैठकीवर आपटले. सभागृहात सगळे गप्प झाले. पैसा आपटल्याचा आवाज होता तो, जड आणि थोडा अपमानकारक. पुढच्या फेरीला त्याने अर्धे वॉशर काढून घेतले. शेवटच्या फेरीत पिशवी पडते तेव्हा फक्त कापडाचा आवाज येतो, आणि छावणीतला तुकोजी मान वळवून पहिल्यांदाच महेश्वरच्या दिशेने बघतो.

बाई करणारी नटी एका सहकारी बँकेत काम करते. तिची शंका वेगळी. “सर, बाई रागावलेल्या लोकांना चालतील?” ही शंका वरवरची नाही. पुण्यश्लोक म्हणून पुजलेल्या बाईला रंगमंचावर आवाज चढवू देणं जोखमीचं असतं. धनगर समाजात त्यांची जयंती घरच्या सणासारखी होते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच, त्याआधी सरांनी आपणहून ती परिसरातल्या काही जाणत्या मंडळींना वाचायला दिली. एका आजोबांनी पानं परत करताना एवढंच सांगितलं, की बाईंना खुशाल रागावू द्या, पण कुणापुढे रडवू नका. तेव्हापासून नटी रागावते. बँकेत कर्जदाराला तिसरी नोटीस काढताना येतो तसा थंड आवाज तिने लावला आहे आणि तो भीतीदायक आहे.

साडीवरूनही चर्चा झाली. दादरचा कपडेपटवाला पांढरी जरीकाठी देत होता. फोटोत उठून दिसते म्हणे. सरांनी साधी सुती मागितली. माल्कमने बाईंची राहणी साधी होती असं नमूद केलं आहे, आणि त्या पडद्याआड न राहता दररोज दरबारात उघड बसत हेही. तेव्हा पदर डोक्यावर असला तरी तोंड पूर्ण दिसलं पाहिजे, अशी प्रकाशयोजनाकाराला ताकीद आहे.

आणि तुकोजी? गुडघे वाकायचे थांबायला वेळ लागला. एका तालमीनंतर प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना ते म्हणाले, “मी साइटवर असतो, बिलं हेड ऑफिस अडवतं. मी रोज शिव्या घालतो. पण दुसऱ्या कंपनीचा फोन आला की उचलत नाही. आता हेच करतो स्टेजवर.” खरोखर पुढच्या तालमीत त्यांनी खर्चाची ओढ असलेलं पत्र आर्जव न करता, दात ओठ खाऊन म्हटलं. शेवटी ‘मातोश्री’ हा शब्द आला तेव्हा तो आपोआप बसला.

पडदा कुठे पाडायचा

शेवटाबद्दल माझं आणि सरांचं एकमत झालं नाही. त्यांचं नाटक १३ ऑगस्ट १७९५ला, बाईंच्या मृत्यूपाशी संपतं. त्याआधीच्या काही वर्षांत बाईंचा नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, मुलगी मुक्ताबाई आईने विनवूनही सती गेली. जिला सासऱ्याने चितेवरून मागे वळवलं तिला स्वतःच्या मुलीला वळवता आलं नाही. तुकोजी १७९५ सालीच खर्ड्याच्या लढाईत म्हातारपणी फौज घेऊन उभे होते. बाईंनंतर दोन वर्षांनी, १७९७च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात त्यांचा अंत झाला.

मी म्हटलं, वसईतलं नाटक वसईपर्यंत आणा. तुकोजींच्या चार मुलांत लगेच फाटाफूट झाली. दौलतराव शिंद्यांनी त्यात हात घातला. विठोजीला १८०१मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. भाऊ यशवंतराव सूडाने पेटून आला. २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा उधळल्या. बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या जहाजातून उतरला तो वसईला. ३१ डिसेंबरला त्याने तह केला आणि इंग्रजी पलटणी पदरी घेतल्या. मल्हाररावांनी ज्या किल्ल्यासाठी सुरुंग पेरले होते, त्याच वसईत पेशवाई इंग्रजांच्या हाती गेली, आणि पेशव्याला तिथवर पिटाळणारा पोरगा इमानी तुकोजींचा.

सर म्हणाले, “एवढं दाखवायचं तर तिसरा अंक लागेल. मग लोकांची शेवटची गाडी चुकते, आणि शेवटची गाडी चुकलेला प्रेक्षक पुन्हा येत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मात्र त्या न लिहिलेल्या अंकात आणखी एक विधवा आहे. यशवंतराव १८११ साली गेल्यावर त्याच्या अल्पवयीन मुलाच्या, धाकट्या मल्हाररावाच्या, नावाने तुळसाबाई होळकरांचा कारभार पाहू लागली. अहिल्याबाईंसारखा हिशेबावरचा हात तिच्याकडे नव्हता आणि तुकोजींसारखा सुभेदारही नव्हता. फौजेचा पगार तटलेला, पठाण सरदार शिरजोर झालेले, बाई इंग्रजांशी परस्पर बोलणी करते असा संशय. २० डिसेंबर १८१७ला महिदपूरजवळ तिच्याच लोकांनी तिला धरून नेलं आणि नदीकाठी तिचं डोकं उडवलं. नदी क्षिप्राच. दुसऱ्या दिवशी त्याच काठावर होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली आणि पुढच्या महिन्यात मंदसोरचा तह झाला.

महिदपूरच्या त्या लढाईत इंग्रजांकडून हल्ल्याच्या अग्रभागी होता जॉन माल्कम. तह त्यानेच घडवला, मग माळव्यातच राहून तिथली व्यवस्था लावली आणि होळकरांच्या जुन्या माणसांना बोलावून अहिल्याबाईंच्या आठवणी विचारल्या. लोक इतकं भरभरून बोलत की त्याला संशय येई. मग तो आणखी कुणाला तरी विचारी. तुकोजी तिला आई म्हणत, हे त्याला या चौकशीतच कळलं. सांगणारे बिनपगारी झालेले चाकर होते आणि विचारणारा त्यांचं राज्य जिंकून बसलेला साहेब.